कलम ३७ ची सुनावणी आणि नदीकाठचं मैदान

जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात. बारीक टाइप, सलग मजकूर, आणि भाषा अशी की दुसऱ्या ओळीला माणूस पान उलटतो. आमच्या गल्लीतले एक काका मात्र त्या नेमाने वाचतात. आयुष्यभर कोर्टात नोकरी झाली, त्यामुळे नोटिसांची भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली. एका संध्याकाळी त्यांनी कात्रण आणून माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "बाई, हा सर्व्हे नंबर आपल्या मागचाच ना?"

आपल्या मागचाच होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर ज्या कॉलन्या वसल्या, त्यांतल्या एकीत आम्ही राहतो. बंगल्यांची शेवटची रांग संपली की मोकळं रान लागतं आणि त्याच्या पलीकडे गोदावरी. पहाटे तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावतात, सकाळी ज्येष्ठ मंडळी फिरतात, शाळा सुटली की क्रिकेट सुरू. मे महिन्यात एकाच वेळी तीन-चार सामने चालतात आणि एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीत उभा असतो. त्या रानावर विकास आराखड्यात 'खेळाचे मैदान' असं आरक्षण आहे. ते आरक्षण वगळून जमीन रहिवास विभागात घ्यायची, असा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली प्रस्तावित आहे, हरकती आणि सूचना एक महिन्याच्या आत लेखी द्याव्यात, असं त्या कात्रणात होतं.

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रीतून गदारोळ झाला. 'महापालिकेची जागा बिल्डरला देतायत' हा सूर सगळ्यात मोठा. पण जागा महापालिकेची नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सातबारा ऑनलाइन काढला तर त्यावर एका शेतकरी कुटुंबाची नावं, भावाभावांची आणि बहिणींची. आरक्षण पडलं म्हणजे मालकी जात नाही. या जमिनीचा उपयोग पुढे कशासाठी व्हायचा, एवढंच ते सांगतं. जमीन ताब्यात घ्यायची तर मोबदला द्यावा लागतो, पैशात किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या रूपात. तो व्यवहार इथे झालेलाच नव्हता. ज्याला आम्ही वर्षानुवर्षं 'आपलं ग्राउंड' म्हणत होतो ते कुणाचं तरी शेत होतं, आणि पुढचं सगळं याच पायावर उभं होतं.

एरवी असं काही झालं की लोक नगरसेवकाच्या ऑफिसात जातात. तो मार्ग तेव्हा बंद होता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, महासभेचे अधिकार प्रशासकांकडे. महासभेत कुणी उठून आमच्या बाजूने बोलेल ही शक्यताच नव्हती. उरली होती ती हरकत आणि तिच्यावरची सुनावणी.

माहितीच्या अधिकारात कागद मागवू, असं काहींनी सुचवलं. पण त्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत तीस दिवस आणि हरकतीचीही मुदत महिन्याचीच, म्हणजे कागद हातात येईपर्यंत दार बंद झालेलं असणार. त्यापेक्षा सोपा मार्ग सूचनेच्या शेवटच्या ओळीतच दिलेला असतो: फेरबदलाचा नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध आहे. मी शाळेला अर्धा दिवस रजा टाकून शरणपूर रोडला महापालिकेच्या राजीव गांधी भवनात गेले, नगररचना विभागात नाव नोंदवलं आणि भाग नकाशा मागितला. टेबलावरच्या लिपिकाने तो कोणतीही खळखळ न करता पसरून दिला.

मी भूगोल शिकवते. नकाशा समोर आला की आधी दिशा, मग प्रमाण, मग सूची, असा हात आपोआप फिरतो. आजूबाजूचा सगळा पट्टा पिवळा, म्हणजे रहिवास विभाग. नाशिकच्या जमिनीच्या बाजारात 'पिवळ्यात आहे का?' एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर गुंठ्याचा भाव ठरतो. त्या पिवळ्यात आमचं रान हिरव्या रंगात, मध्ये आरक्षणाचा क्रमांक. आणि त्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली एक बारीक निळी रेघ. ती निळी पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी, शंभर वर्षांतून एकदाचं जिथवर पोचतं ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. मैदान, उद्यान असे मोकळे वापरच तिथे चालतात. लाल रेषा शोधली, तर जवळजवळ सगळं रान दोन्ही रेषांच्या मध्ये सापडलं. मी वही काढून तो कोपरा पट्टीने मोजून उतरवून घेतला. वहीचं ते पान पुढे आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. हरकतीत काय लिहायचं यावर बोलणं सुरू झालं तेव्हा जो तो आपल्या मनातलं सांगत होता. मुलांनी कुठे जायचं, मोबाइल घेऊन बसतील, आमची हवा जाईल, इमारत झाली की वाहनं वाढतील. यात खोटं काहीच नव्हतं. पण काकांनी विचारलं, "कायदा यातलं काय ऐकतो?" आणि मग आम्ही कलम ३७ च वाचायला घेतलं. त्यात एक अट आहे: फेरबदल असा हवा की त्याने विकास योजनेचं, म्हणजे आराखड्याचं, स्वरूप बदलू नये. आम्हाला दाखवायचं होतं ते हे. या भागासाठी आखलेलं एक मोठं मैदान काढून टाकलं तर बाकी काय उरतं, ते दाखवलं की स्वरूप बदलतं की नाही हे आपोआप दिसतं.

म्हणून पुढचे रविवार चालण्यात गेले. आसपासच्या लेआऊटमधल्या सगळ्या ओपन स्पेस पाहिल्या. लेआऊट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. एकीवर देऊळ आणि पत्र्याचा मंडप, एकीवर पाण्याची टाकी, दोन-तीन ठिकाणी गोल जॉगिंग ट्रॅक आणि मध्ये हिरवळ, 'खेळण्यास मनाई' अशा पाटीसह. लहान मुलांना घसरगुंडी आहे, म्हाताऱ्यांना बाक आहेत. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला धावत येऊन चेंडू टाकता येईल एवढी सलग जागा एकाही ठिकाणी नव्हती. प्रत्येक जागेचा फोटो काढला, मागे तारीख लिहिली, नकाशाच्या झेरॉक्सवर खूण केली. जवळच्या ज्या शाळेला स्वतःचं मैदान नाही तिच्या मुख्याध्यापकांनी पत्र दिलं, की त्यांचे क्रीडा दिवस याच रानात होतात.

हरकती प्रत्येक घराने स्वतंत्र दिल्या, आणि हा काकांचा आग्रह होता. एकाच अर्जावर शंभर सह्या घेतल्या तर नोंदवहीत ती एक हरकत लागते आणि सुनावणीला एकालाच बोलावणं येतं. वेगळा अर्ज दिला की वेगळा क्रमांक, वेगळी नोटीस. पण सगळ्यांनी एकच मजकूर छापून द्यायचा नाही हेही ठरलं. पुराबद्दल नदीकडच्या रांगेतल्यांनी लिहिलं, शाळेबद्दल पालकांनी, रस्त्याबद्दल एका निवृत्त अभियंत्याने: आमचा रस्ता नऊ मीटरचा, त्यावर आणखी किती घरांचा भार पडेल याचा साधा हिशोब. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पोच नसलेला अर्ज पुढे कुणाला दाखवणार?

सुनावणीची नोटीस येण्याआधी मी जमिनीच्या मालकांना भेटून आले. कॉलनीतल्या काहींना ते पटलं नव्हतं. 'समोरच्या पार्टीकडे' कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. पण ज्यांच्या रानात आपली मुलं वाढली त्यांना आधी कार्यालयाच्या बाकावर पाहायचं, हे मला बरोबर वाटेना.

घरातल्या थोरल्यांना सगळे नाना म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पडवीत बसवलं, चहा आला, मग म्हणाले, "बाई, पोरांना मी कधी हाकललं का?" खरंच नव्हतं हाकललं. मग त्यांनी फायली काढल्या. तिथे आधी भाजीपाला व्हायचा, मग काही वर्षं द्राक्षबाग होती. १९९३ चा महापालिकेचा पहिला विकास आराखडा आला आणि शेतावर मैदान पडलं. शेजारच्यांच्या जमिनी पिवळ्यात गेल्या, त्यांचे लेआऊट झाले, त्यातलाच एक आमचा. यांचं रान तसंच राहिलं. दुसरा आराखडा आला तेव्हा सुटेल अशी आशा होती. त्या आराखड्याचं काय झालं ते नाशिककरांना माहीत आहे: २०१३ चा प्रारूप शेतकऱ्यांच्या विरोधात अडकून बाजूला पडला, नवा प्रारूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो २०१७ मध्ये मंजूर झाला. नानांच्या रानावर मैदान कायम. "बहिणींना वाटा द्यायचाय, नातवाचं शिक्षण आहे. विकायला काढलं तर आरक्षण म्हणून कुणी धड भाव करत नाही. पिकवायला जावं तर चारी बाजूंनी बंगले, पाण्याची वाट मोडलेली."

मी काय बोलणार होते? आमची मुलं खेळली त्याची किंमत तीस वर्षं या घराने मोजली होती. घरी परतताना माझ्या मनातली हरकत बदलली. 'आरक्षण काढू नका' एवढंच म्हणणं अर्धवट होतं, आणि अन्यायाचंही. कायद्याच्या दृष्टीनेही ते पुरेसं नव्हतं. याच अधिनियमाचं कलम १२७ सांगतं की आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. म्हणजे आज आम्ही फेरबदल अडवला तरी २०१७ च्या आराखड्याला दहा वर्षं होतील तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या दाराने येणार. मैदान टिकवायचं तर ते कुणीतरी घ्यायला हवं, आणि नानांना त्याचा मोबदला मिळायला हवा.

सुनावणीच्या दिवशी राजीव गांधी भवनाच्या त्या मजल्यावर बाकं भरलेली होती. आमच्याखेरीज आणखी दोन फेरबदलांची मंडळी होती. एक रस्त्याची रुंदी बदलण्याचा, दुसरा शेती विभागातून रहिवासात यायचा. तिसऱ्या बाकावर मखमलाबादकडचे एक शेतकरी होते, तिकडच्या जमिनी एकत्र करून भूखंड नव्याने आखायच्या नगररचना योजनेच्या वेळी अशा पुष्कळ बैठका बघितलेले. "तोंडी काय ते थोडक्यात बोला," ते म्हणाले, "आणि जे बोललात ते सगळं लिहून द्या. साहेब इथं निकाल देत नाहीत, अहवाल देतात. निकाल मंत्रालयात."

कलम ३७ ची घडण अशीच आहे. सुनावणी घेणारे अधिकारी हरकतदार आणि प्रस्तावक दोघांचं ऐकतात, त्यावर अहवाल होतो, प्रस्ताव शासनाकडे जातो, नगररचना संचालकांचं मत घेतलं जातं आणि नगरविकास विभाग मंजूर करतो, बदलासह मंजूर करतो किंवा नाकारतो. मंजूर झालं तर राजपत्रात अधिसूचना निघते. मुंबईत जो टिपणी लिहील त्याने आमचं रान पाहिलेलं नसणार. त्याच्यासमोर फक्त फाइल असेल. खोलीतलं भांडण कितीही रंगलं तरी फाइलमध्ये जे नाही ते झालंच नाही असं समजायचं. ही गोष्ट मनाशी पक्की असली की आवाज चढत नाही.

नावं पुकारली. आत लांब टेबल, एका टोकाला अधिकारी, शेजारी टिपण घेणारे लघुलेखक, भिंतीवर आमच्याच भागाचा नकाशा. नानांच्या बाजूने वास्तुविशारद बोलले, तयारीने बोलले. आसपास ओपन स्पेस भरपूर आहेत, आरक्षण इतक्या वर्षांत विकसित झालेलं नाही, चारही बाजूंनी रहिवास आहे, त्यामुळे बदल सुसंगत आहे. मग आम्ही. नदीकडच्या रांगेतल्या आजींनी २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचं सांगितलं. "दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं ना, तेव्हा आमच्या कुंपणाला लागलं होतं." सगळं नाशिक पूर गोदेच्या पात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजतं, त्यामुळे टेबलापलीकडेही मान हलली. पण साहेबांनी विचारलं, नकाशावर काही दाखवता येईल का? तेव्हा मी वहीतून काढलेली आकृती आणि आजींच्या घरून काढलेले तारखेचे फोटो पुढे सरकवले. निळ्या रेषेच्या आतला कोपरा, तिथे बांधकाम होणारच नाही. म्हणजे रहिवास केलं तरी त्या भागाचा उपयोग मैदान किंवा उद्यान एवढाच. वरचा भाग लाल रेषेच्या आत. मग पूरक्षेत्रातल्या जमिनीला मैदानाइतका योग्य वापर दुसरा कोणता?

ओपन स्पेसच्या मुद्द्यावर फोटो लावलेला नकाशाच दिला. एकेका खुणेवर बोट ठेवत गेले. देऊळ, टाकी, ट्रॅक, बाकं. साहेबांनी वास्तुविशारदांना विचारलं, "यातल्या कुठल्या जागेत शाळेचा संघ सराव करू शकेल?" त्यांनी तपासून सांगतो म्हटलं.

शेवटी मी आमची सूचना वाचली. सूचनेत म्हटलं होतं की आरक्षण कायम ठेवावं, आणि मालकाला टीडीआर किंवा समावेशक आरक्षणाचा पर्याय ठरावीक मुदतीत देऊन मैदान ताब्यात घ्यावं. समावेशक आरक्षणात मालक काही भाग स्वतः विकसित करतो आणि उरलेला विनामूल्य हस्तांतरित करतो, २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्याची तरतूद आहे. पुराच्या रेषा सांभाळून, रस्त्याच्या बाजूला काही बांधकाम झालं तर आमची हरकत नाही, असं आम्ही लेखी दिलं. यावर कॉलनीत आधी बरीच वादावादी झाली होती. काहींनी त्या कागदावर सही केली नाही, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

नानांना काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर ते उभे राहिले. "साहेब, मैदान राहू द्या म्हणता तर राहू द्या. पण माझं काय ते आता सांगा. माझ्या वडलांना सांगितलं होतं बघू, मला सांगितलं बघू. नातवाला तरी बघू सांगू नका." लघुलेखकांची लेखणी थांबलेली दिसली. मी म्हटलं, "साहेब, हे वाक्य इतिवृत्तात यायला हवं. ते आमच्याही हरकतीचा भाग समजा." साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत फार वेळ गेला नसेल. निघताना बोललेल्या सगळ्या मुद्द्यांचं लेखी निवेदन, जोडपत्रांसह, टपालात दिलं आणि पोच घेतली. मखमलाबादच्या त्या काकांचे आभार मानायला बाकाकडे गेले, तर ते आत गेले होते.

आता माहितीच्या अधिकाराची वेळ होती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून इतिवृत्त आणि अहवालाची प्रत मागितली, दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरले आणि प्रती मिळाल्या. पुराचा मुद्दा आलेला होता. ओपन स्पेसचा नकाशा जोडपत्र म्हणून नोंदलेला होता. नानांचं म्हणणं दोन ओळींत, सरकारी मराठीत उतरलं होतं, पण होतं. आजींचा मारुती मात्र गाळलेला होता, म्हणून मी तो मुद्दा पुन्हा, गोदावरीच्या पुराच्या तारखांसह, नगरविकास विभागाला पाठवलेल्या पत्रात घातला. त्याची प्रत पुण्याला नगररचना संचालकांच्या कार्यालयालाही गेली.

प्रस्ताव अजून शासनाकडे आहे. दरम्यान नाना, त्यांचे धाकटे बंधू आणि आमच्यातले चौघे अशा सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र तयार झालं: समावेशक आरक्षणाखाली विकास करण्याची मालकांची तयारी आहे आणि रहिवाशांची त्याला संमती आहे. मजकूर काकांनी तपासला, नानांच्या नातवाने टाइप केला. मैदानाची हद्द कुठून धरायची यावर दोन्ही घरांत थोडी ओढाताण झाली. शेवटी आम्ही सगळे टेप घेऊन रानात गेलो आणि नाना म्हणतील तिथे चुना टाकला. त्या रेषेप्रमाणे काढलेला नकाशा पत्राला जोडला आहे. पुढच्या सोमवारी ते पत्र घेऊन नाना आणि मी नगररचना विभागात जाणार आहोत.